नवीन गच्ची-कोटिंग बाजारात आणतोय: डीलर, सोसायट्या आणि ऑनलाइन विक्री यांचा मेळ कसा घालावा?

तारापूर_लोकल

नमस्कार मंडळी,

आमची कंपनी लहान आहे. बोईसरला तारापूर एमआयडीसीत प्लांट, अंधेरीला ऑफिस. आजवर सिमेंटमध्ये मिसळायची वॉटरप्रूफिंग लिक्विडं आणि भेगा भरायचं मटेरियल बनवत आलो. सगळी विक्री पेंट आणि हार्डवेअरच्या दुकानांतून. एका बाजूला विरार ते चर्चगेट, दुसऱ्या बाजूला कल्याण-बदलापूर. मध्ये डिस्ट्रिब्युटर नाही, गाडी थेट डीलरच्या दारात जाते.

आता गच्ची गळू नये म्हणून मारायचं पॉलियुरेथेनचं नवं कोटिंग तयार आहे. एकच घटक, मिसळामिसळ नाही, प्रायमरवर रोलरने दोन हात मारायचे. जुन्या ब्रिकबॅट कोब्यावर (विटांच्या तुकड्यांचा थर) आणि चायना मोझॅकवर (फरशीच्या तुकड्यांचा थर) चाचण्या चांगल्या आल्यात. १, ५ आणि २० किलोचे पॅक असतील. मुंबईत पाऊस साधारण ११ जूनच्या सुमारास येतो, म्हणजे खरा सीझन मार्च ते मे.

मालकांचं म्हणणं असं, की मोठ्या सोसायट्यांना आमच्या माणसांनी थेट विकावं, लहान डबे ऑनलाइन टाकावेत आणि बाकीचं डीलरने करावं. २० किलोच्या बादलीचा कच्चा तक्ता असा: छापील किंमत ८,०००, डीलरला ५,८००, सोसायटीला थेट ५,६००, आमच्या वेबसाइटवर ६,२००.

अजून काहीच जाहीर केलेलं नाही, पण कुणकुण लागली आहे. परळच्या एका जुन्या डीलरने मला विचारलं, "म्हणजे आम्ही फक्त डबे ठेवायला जागा द्यायची का?" त्यांना द्यायला माझ्याकडे नीट उत्तर नव्हतं. मालकांपुढे दुसरा तक्ता ठेवायचा आहे. ज्यांनी हे जवळून पाहिलंय त्यांनी कृपया लिहा.

काउंटरवरून

माझं पेंटचं दुकान आहे, वडिलांपासून. तुमचा तक्ता पुन्हा वाचा. सोसायटीला माल ५,६०० ला आणि मला ५,८०० ला. म्हणजे माझ्या गल्लीतल्या सोसायटीच्या खजिनदाराला जो भाव मिळतो, त्या भावात मला खरेदीसुद्धा करता येत नाही. अशा मालाची बादली मी दर्शनी ठेवणार नाही. भांडणही करणार नाही. पेंटरने मागितली तर "संपली" म्हणेन आणि दुसऱ्या कंपनीची देईन. कंपनीला वाटेल माल चालत नाही.

दुकानदार काय करतो ते सांगतो. भाडं आणि नोकरांचा पगार सोडाच. पेंटरला माल उधार जातो. त्याला सोसायटीकडून बिल मिळतं तेव्हा तो मला देतो, म्हणजे दोन-तीन महिने माझा पैसा अडकलेला. एखादी बादली घट्ट झालेली निघाली तर संध्याकाळी सात वाजता बदलून मी देतो, कंपनीचा माणूस दुसऱ्या दिवशी फोन उचलतो. कुठल्या पेंटरचा हात चांगला, कोण प्रायमर न मारता सरळ कोटिंग मारतो, हेही मला माहीत असतं. या कामाचे पैसे त्या मार्जिनमध्ये आहेत.

आणि साइटच्या, म्हणजे कामाच्या जागेच्या, नावाने स्वस्तात गेलेला माल साइटवरच राहत नाही. ३० बादल्यांची ऑर्डर, काम २२ मध्ये उरकलं, उरलेल्या ८ बादल्या पलीकडच्या काउंटरवर माझ्या खरेदीपेक्षा कमी भावात. हे मी इतर कंपन्यांच्या मालात वर्षानुवर्षं बघतोय.

स्टार्टअप_पवई

थोडा विरोधी सूर लावतो. नवीन प्रॉडक्ट आहे, मग डीलर हवेतच कशाला? ॲटमबर्गचंच बघा. आयआयटी मुंबईतून निघालेली कंपनी, २०१२ ची. बीएलडीसी (कमी वीज खाणारे) पंखे सुरुवातीला ऑनलाइनवर जोरात विकले आणि नाव झाल्यावर दुकानांत पाय पसरले. आधी ऑनलाइन मागणी तयार करा, डीलर स्वतः फोन करतील.

रोलर_ब्रश

@स्टार्टअप_पवई, मी वॉटरप्रूफिंगचे ठेके घेतो. पंखा कुठलाही इलेक्ट्रिशियन टांगतो आणि बटण दाबल्यावर तो फिरतो की नाही ते लगेच कळतं. कोटिंगचं तसं नाही. ते लागलं की नाही हे जुलैत कळतं. गच्ची ओली असताना मारलं की फुगे येतात, पॅरापेटच्या (गच्चीच्या कठड्याच्या) कोपऱ्यात गोलाई केली नाही तर तिथूनच पाणी शिरतं. माल उत्तम आणि काम वाईट, तरी नाव मालाचंच खराब होतं. ऑनलाइन डबा घेऊन कुणी बाथरूमच्या छतावर मारला आणि गळलं, तर तो एक स्टार देऊन मोकळा होणार.

दुसरी गोष्ट. ग्राहक "वॉटरप्रूफिंग करा" एवढंच म्हणतो, ब्रँड मी सांगतो. पेंटच्या डब्यात पेंटरसाठी बक्षिसाचं टोकन असतं, ते त्याचसाठी. तुमच्या तक्त्यात माझी ओळच नाही.

वाशी_मार्केट

आमचं क्षेत्र किराणा मालाचं वितरण, पण रोग तोच. २०२१ च्या शेवटी ऑल इंडिया कन्झ्युमर प्रॉडक्ट्स डिस्ट्रिब्युटर्स फेडरेशनने उघड तक्रार केली, की कंपन्या आम्हाला ज्या भावात माल देतात त्याहून स्वस्त माल मोठ्या घाऊक ॲपवर किराणा दुकानदारांना मिळतोय. दुकानदार आमच्या सेल्समनला मोबाइल काढून भाव दाखवायचे. १ जानेवारी २०२२ पासून महाराष्ट्रातल्या वितरकांनी कोलगेटच्या मालाचा पुरवठा थांबवायला घेतला. एवढी मोठी कंपनी, तिलाही वितरकांशी बोलणी करावी लागली. २०२४ मध्ये हेच फेडरेशन झटपट डिलिव्हरीवाल्यांच्या सवलतींविरुद्ध स्पर्धा आयोगाकडे गेलं.

ऑनलाइनला विकलं याचा आम्हाला राग नव्हता. त्याच पाकिटाला दोन दारांतून दोन भाव आणि त्याचं कारण कुणी सांगत नाही, याचा होता. वीस वर्षं उन्हातान्हात त्यांचा माल पोचवलेल्या माणसाला आपली किंमत दुकानदाराच्या मोबाइलवरून कळावी, हे फार लागतं.

सोसायटी_सचिव

ग्राहकाच्या बाजूनेही लिहितो. मुलुंडची आमची इमारत ३० वर्षांच्या पुढची, म्हणजे उपविधींप्रमाणे दर ३ वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट. गच्चीचा विषय दर सभेत असतो.

आम्ही तीन कोटेशन मागवतो. एकाच मालाचा भाव ठेकेदाराकडून एक, दुकानातून दुसरा आणि कंपनीच्या माणसाकडून तिसरा आला, तर सभेत पहिला प्रश्न येतो, "कमिटीने मध्ये किती खाल्ले?" मानद काम करणाऱ्या माणसावर असा संशय येणं किती क्लेशदायक असतं ते मी अनुभवलंय. तुमच्या चॅनेलच्या, म्हणजे विक्रीच्या वेगवेगळ्या वाटांच्या, भांडणाचा त्रास शेवटी आम्हाला होतो. स्वस्त देणारा निवडायचा आणि जुलैत गळलं की दुकानदार म्हणणार "माल माझ्याकडून घेतला नव्हता", कंपनी म्हणणार "लावणारा आमचा नव्हता".

एक उदाहरण मात्र द्यावंसं वाटतं. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून दुकान मध्ये न घेता सभासदांच्या छोट्या संघांना माल पोचवते. माझी आई त्यांच्या एका संघात होती. तिथे माल उतरवून घेणं, मोजणं, वाटणं ही कामं सभासद पाळीपाळीने स्वतः करतात. दुकानदाराचं काम सभासदांनी केलं म्हणून भाव कमी. आमच्या कोपऱ्यावरच्या वाण्याने त्यावर कधी हरकत घेतल्याचं आठवत नाही. तुमच्या ५,६०० च्या भावात सोसायटी कुठलं काम स्वतः करते?

तारापूर_लोकल

@सोसायटी_सचिव, काहीच नाही. मोजमाप, देखरेख, वाहतूक सगळं आम्हीच करणार होतो आणि वर स्वस्त देणार होतो. हा प्रश्न उद्या जसाच्या तसा मालकांना विचारतो.

बॅलन्सशीट

कायद्याच्या कडा सांगते, म्हणजे नवा तक्ता त्यात बसेल.

छापील किंमत: एकाच पॅकवर दुकानासाठी एक आणि ऑनलाइनसाठी दुसरी एमआरपी छापायचा मार्ग सोडून द्या. पॅकबंद वस्तूंच्या नियमांत बदल होऊन १ जानेवारी २०१८ पासून अशा दुहेरी एमआरपीवर बंधन आलं आहे. पॅकचा आकार वेगळा ठेवता येतो, पण आता प्रति किलो किंवा प्रति ग्रॅम किंमतही छापावी लागते, त्यामुळे ग्राहक तुलना करणारच.

डीलरचा विक्रीभाव: डीलर नेहमी मागणी करतात की "कुणी अमुकच्या खाली विकलं तर त्याचा माल बंद करा". हे करारात घालू नका. स्पर्धा कायदा, २००२ च्या कलम ३(४) मध्ये पुनर्विक्रीची किंमत बांधून देणं येतं आणि स्पर्धेवर लक्षणीय विपरीत परिणाम होत असेल तर ते बेकायदा ठरतं. मारुती सुझुकीला ऑगस्ट २०२१ मध्ये आयोगाने २०० कोटींचा दंड लावला तो यावरूनच. डीलरने ठरल्यापेक्षा जास्त सूट देऊ नये म्हणून कंपनी खोटे ग्राहक पाठवून तपासणी करायची, असं आदेशात आहे. कंपनी त्याविरुद्ध अपिलात गेली. तुमच्यासारख्या लहान कंपनीचा बाजारावर तेवढा परिणाम नसेलही, पण सवय चुकीची लागू नये.

तुमच्या हातात काय आहे? तुमचा स्वतःचा भाव. वेबसाइटवर आणि सोसायटीला तुम्ही स्वतः विक्रेते आहात. तिथे डीलरच्या नेहमीच्या विक्रीभावाखाली जायचं नाही, एवढं ठरवलंत तरी अर्धा प्रश्न सुटतो. कायद्याची त्याला आडकाठी नाही.

उधारीचंही बघा. तुम्ही सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून उद्यम या सरकारी नोंदणीत नोंदलेले असाल तर लेखी करार असल्यास डीलरने तुम्हाला जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे असतात, करार नसेल तर १५. मुदत उलटली आणि वर्षअखेरपर्यंतही पैसे दिले नाहीत, तर २०२३-२४ पासून आयकरात त्या वर्षी त्याला तो खर्च म्हणून दाखवता येत नाही. म्हणजे डीलर तुम्हाला ४५ दिवसांत देणार आणि पेंटरकडून ९० दिवसांनी घेणार. मधली गॅप तो स्वतःच्या खिशातून भरतो. तक्ता करताना हे डोळ्यांसमोर असू द्या.

लोअर_परळ

बांधकाम रसायनं आणि पेंट यांच्या विक्रीत उभं आयुष्य गेलं, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी थोडा इतिहास, कारण तो याच शहरातला आहे. १९४२ मध्ये गिरगावातल्या एका गॅरेजमध्ये चार मित्रांनी एशियन पेंट्स सुरू केली. मोठे घाऊक व्यापारी त्यांना उभं करेनात, तेव्हा ते घाऊक व्यापाऱ्यांना वगळून थेट छोट्या दुकानदारांकडे गेले. हाही त्या काळचा चॅनेलचा झगडाच. पण मधला माणूस वगळल्यावर त्याचं काम कंपनीने अंगावर घेतलं: थेट पुरवठा, छोट्या ऑर्डरी, मागणीचा हिशेब. फक्त मार्जिन वाचवून ते जमलं नसतं. आणि पेंटच्या काउंटरची किंमत आज काय आहे ते बघायचं तर, नव्या कंपनीचा माल ठेवू नये म्हणून डीलरांवर दबाव आणल्याच्या बिर्ला ओपस हा नवा पेंट ब्रँड काढणाऱ्या ग्रासिमच्या तक्रारीवर स्पर्धा आयोगाने जुलै २०२५ मध्ये एशियन पेंट्सची चौकशी करायचा आदेश दिला. ज्या काउंटरसाठी इतके मोठे लोक झगडतात, तिथली जागा तुम्हाला आज मिळालेली आहे. ती घालवू नका.

आता तुमचा तक्ता. त्यात "कोणाला विकलं" यावर भाव ठरवलाय. मी तो "कोणी काय केलं" यावर ठरवीन. या कोटिंगच्या विक्रीत कामं कोणती? गिऱ्हाईक शोधणं, गच्ची बघून मोजमाप करणं, माल साठवणं आणि पोचवणं, उधारी सांभाळणं, लावणाऱ्याला शिकवणं, आणि गळलं तर जाणं. प्रत्येक कामाला रक्कम लावा. जो ते करील त्याला ती मिळेल, बिल कुणाच्याही नावाने फाटो.

५,००० चौरस फुटांच्या गच्चीला तुमच्या मालाच्या २५-३० बादल्या लागतील. समजा घाटकोपरच्या सोसायटीची चौकशी वेबसाइटवर आली. तुमच्या माणसाने मोजमाप केलं, सभेत जाऊन समजावलं. माल मात्र घाटकोपरच्याच डीलरने पोचवला आणि उधारी सांभाळली. मग त्याला पूर्ण मार्जिन नाही, पण पोचवण्याचे आणि उधारीचे पैसे नक्की. उलट डीलरने सोसायटी आणली आणि तुमच्या माणसाने फक्त प्रात्यक्षिक दिलं, तर मार्जिन त्याचं.

यासाठी साइटची नोंद लागते. ज्याने आधी सोसायटीचं नाव, पत्ता आणि गच्चीचं माप कळवलं, ती साइट ठरावीक मुदतीपर्यंत त्याची, मग तो डीलर असो, ठेकेदार असो की तुमचाच सेल्समन. नोंद व्हॉट्सॲपवर असली तरी चालेल, पण सगळ्यांना दिसली पाहिजे. मुदत ९० दिवसांच्या वर नको, नाहीतर लोक अख्खा वॉर्ड स्वतःच्या नावावर लिहून ठेवतात.

@काउंटरवरून यांचा फिरणाऱ्या मालाचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. साइटचा खास भाव बिलातच दिला की माल फिरणार. म्हणून माल सगळ्यांना एकाच भावात द्या आणि साइटची सवलत काम झाल्यावर क्रेडिट नोटने, म्हणजे हिशेबात नंतर वळती करून, द्या: लावलेल्या गच्चीचा फोटो, क्षेत्रफळ आणि रिकाम्या बादल्यांचे बॅच नंबर पाहून. २२ बादल्यांची गच्ची असेल तर सवलत २२ वरच. उरलेल्या ८ स्वस्त पडलेल्याच नाहीत, मग त्या पलीकडच्या काउंटरला कोण स्वस्तात देईल? मात्र कोणती बॅच कुठल्या डीलरकडे गेली हे गोदामातून माल निघतानाच लिहिलं गेलं पाहिजे. नंतर शोधायला गेलात तर काही सापडत नाही.

ऑनलाइनचं नाव वेगळं ठेवून तोच माल विकायचा मोह टाळा. तारापूरहून निघालेला माल एकच आहे हे पेंटरला डबा उघडल्याबरोबर कळतं.

काउंटरवरून

@लोअर_परळ, बरंचसं पटलं. पण माझ्या पिनकोडमध्ये कंपनीने थेट किंवा ऑनलाइन केलेल्या विक्रीवर मला घरबसल्या दोन टक्के पाठवायचा विचार असेल तर मला ते नको. मी काम करतो, मला कामाचं द्या. वर त्या फुकटच्या दोन टक्क्यांपायी डीलर आळशी होतो, नवीन पेंटर जोडत नाही.

लोअर_परळ

@काउंटरवरून, म्हणूनच मी पिनकोडवर सरसकट काही देत नाही. माल पोचवला तर पोचवण्याचं, उधारी घेतली तर उधारीचं. काहीच केलं नाही तर काहीच नाही.

वाशी_मार्केट

माझं मत वेगळं आहे. पहिल्या वर्षी तरी पिनकोडवर थोडं द्यावं. नवीन मालावर डीलरचा विश्वास नसतो. कंपनी आपल्याला वगळत नाही एवढं त्याला दिसलं पाहिजे. दुसऱ्या वर्षापासून कामावर न्या, पण ते पहिल्याच दिवशी लेखी सांगून.

बॅलन्सशीट

एक लक्षात ठेवा. डीलरने स्वतः न विकलेल्या मालावर कमिशन दिलंत, तर मर्यादेच्या वरच्या रकमेवर टीडीएस लागतो (१ ऑक्टोबर २०२४ पासून दर ५ वरून २ टक्के) आणि नोंदणीकृत डीलरला जीएसटी लावून सेवेचं बिल द्यावं लागतं. छोट्या दुकानदाराला ही कागदपत्रं जड जातात. परदेश सहली किंवा सोन्याची नाणी द्यायचा विचार असेल, तर वर्षाला २०,००० रुपयांवरच्या अशा लाभावर जुलै २०२२ पासून १० टक्के टीडीएस आहे. क्रेडिट नोटच्या जीएसटीचं तुमच्या सीएशी आधीच बोलून घ्या, मार्चअखेर धावपळ होते.

रोलर_ब्रश

माझ्या ओळीचं काय ठरलं?

लोअर_परळ

@रोलर_ब्रश, तुमची ओळ सगळ्यात वर हवी. फेविकॉलवाल्यांनी सुतार जोडला, त्यातून एवढं मोठं नाव झालं. लावणाऱ्याला डीलरच्या दुकानासमोरच शिकवा, एक दिवसाचं प्रात्यक्षिक, आणि त्याचं नाव नोंदवा. नोंदणीकृत माणसाने लावलं तरच कंपनीची वॉरंटी. मग ऑनलाइन डबा घेणाऱ्यालाही लावणारा आपल्या डीलरकडूनच मिळेल आणि डीलरला ऑनलाइन गिऱ्हाईक शत्रू वाटणार नाही. जुलैत कुणी यायचं, या @सोसायटी_सचिव यांच्या प्रश्नालाही वॉरंटी कार्डावर एका माणसाचं नाव आणि फोन मिळेल.

तारापूर_लोकल

सगळ्यांचे मनापासून आभार. मालकांशी सविस्तर बोलणं झालं. "सोसायटी कुठलं काम स्वतः करते?" या प्रश्नावर ते बराच वेळ गप्प होते. मग तक्ता त्यांनी स्वतःच खोडला.

आता ठरलंय ते असं. २० किलोची बादली फक्त डीलरकडे. सोसायटीची ऑर्डर आमच्या माणसाने आणली तरी माल आणि बिल जवळच्या डीलरमार्फत. वेबसाइटवर १ आणि ५ किलो, पूर्ण छापील किमतीला, पहिल्या सीझनमध्ये ऑनलाइन सूट नाही. साइटची नोंद ६० दिवस. सवलत क्रेडिट नोटने, बॅच नंबर बघून. लावणाऱ्यांचं प्रशिक्षण फेब्रुवारीपासून, वॉरंटी त्यांच्यामार्फतच. आणि पहिल्या उचलीतला न विकलेला, सीलबंद माल ऑगस्टअखेर परत घेऊ. मालक यावर अडले होते, पण नवीन मालाची जोखीम डीलरच्या गळ्यात घालून त्याच्याकडून निष्ठा मागणं मला बरोबर वाटत नाही, आणि ते मी स्पष्ट सांगितलं.

पिनकोडवरच्या टक्क्यांचं ठरलेलं नाही. बिल्डरांच्या थेट ऑर्डरींचंही नाही. त्यांना डीलर मध्ये नकोच असतो.

लोअर_परळ

बिल्डरांची यादी करा आणि ती नावं डीलरांना उघड सांगा: "ही आमची, बाकी सगळी तुमची." यादीत नसलेल्या एकालाही थेट विकू नका. यादी लहान असली तर डीलर कटकट करत नाहीत. ती गुपचूप वाढली की सगळं फिसकटतं.

काउंटरवरून

माल परत घेण्याचं वाचून बरं वाटलं. हे सगळं मराठीत आणि हिंदीत, कंपनीच्या लेटरहेडवर, सहीशिक्क्यासकट द्या. तुमचा सेल्समन बदलला की तोंडी शब्द त्याच्याबरोबर जातो. आणि प्रशिक्षण होळीच्या आधी संपवा. बरेच कारागीर होळीला गावी जातात, मे महिन्यात लग्नसराईला पुन्हा. मधल्या दिवसांतच काय ते काम होतं.

तारापूर_लोकल

पत्राचा मसुदा सोमवारी करतो. परळच्या डीलरकडे तो स्वतः घेऊन जाणार आहे. त्यांच्या दुरुस्त्या झाल्यावरच बाकीच्यांना पाठवीन.